खानदेशाकडची लाईन

फोन बिघडलेला आहे, याविषयी हिलाल आप्पांच्या मनात तिळभरही शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता, की बिघाड नेमका कुठे आहे: यंत्रात, तारेत, की सरकारात.

डिंडोलीतल्या त्यांच्या रो-हाउसमध्ये फोन आला त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले गेले होते. अर्ज केला तेव्हा त्यांची जयश्री फ्रॉक घालून शाळेत जायची. फोन लागला तेव्हा ती लग्न होऊन चोपड्याला नांदत होती. त्यामुळे आता या यंत्राला काम एकच उरलं होतं, ते म्हणजे दर रविवारी सकाळी जयश्रीचा आवाज सुरतेत आणून पोचवणं. शोभाबाईंनी त्याला हळद-कुंकू वाहिलं, वर क्रोशाचा रुमाल घातला आणि त्यानंतर त्याला बोटही लावलं नाही. "माले नही जमस ते," त्या म्हणाल्या. ज्या वस्तूतून तार भिंतीत जाते ती वस्तू कानाला लावणं त्यांना शहाणपणाचं वाटत नव्हतं.

तेव्हा बोलायचं काम आप्पांकडे आलं. आप्पा म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात मास्तर म्हणून आयुष्य काढून नुकतेच घरी बसलेले. बिघडलेला माग दुरुस्त करणं हा त्यांचा हातखंडा. अशा माणसाच्या घरात एक यंत्र यावं आणि त्याने सहकार्य करू नये, हे त्यांना फार लागलं.

आवाज येत होता. नाही असं नाही. पण तो आवाज म्हणजे कापडात उभे धागे सगळे जागेवर आणि आडवे गायब, असा. जयश्री बोलायची, वाक्याची चाल कळायची, ती हसते आहे की विचारते आहे हेही कळायचं, शब्द मात्र हाताला लागायचे नाहीत. पण मुलीला "काय? काय?" असं किती वेळा विचारणार? शिवाय गल्लीतली दोन-चार माणसं दारात उभी राहून हा संवाद कौतुकाने बघत असायची. म्हणून आप्पांनी एक पद्धत बसवली. जयश्रीचे प्रश्न ठरलेले असत. आधी तब्येत, मग माय कशी आहे, मग भाऊ योगराजची नोकरी, आणि शेवटी हमखास, "काही पाठवू का?" सासरची केळीची बाग होती, त्यामुळे तिच्या घरात केळ्याच्या वेफर्सचे डबे भरलेले असायचे. आप्पा त्याच क्रमाने उत्तरं देत. "बरी शे. ती बी बरी शे. हो, जास ना कामावर. नको नको, काही नको. ठेवतो!" आणि रिसिव्हर असा ठेवत की खालचं टेबल हलावं.

"काय म्हनस पोर?" शोभाबाई स्वयंपाकघराच्या दारातून विचारत.

"बरी शे," आप्पा म्हणत. पण एवढ्याने बायकोचं समाधान होत नाही हे बघून ते मनाने थोडी भर घालत. "चोपड्याले पाऊस चांगला शे म्हने."

भर मार्च महिन्यात चोपड्याला चांगला पाऊस आहे, हे ऐकून शोभाबाई जरा वेळ तशाच उभ्या राहत आणि मग पोळ्या लाटायला जात.

शेवटी आप्पांनी रीतसर तक्रार नोंदवली. लाईनमन आला. धिप्पाड, खर्जातल्या आवाजाचा सुरती माणूस. त्याने खांबावर चढून तिथून घरी फोन लावला. "हेल्लो काका, संभळाय छे?" आप्पांना शब्द न् शब्द ऐकू आला. इतका की त्यांनी कान दूर धरला. लाईनमन खाली उतरला. "काका, लाईन तो एकदम क्लियर छे," असं म्हणून त्याने चहा घेतला आणि गेला.

दुसऱ्या कोणाची इथे पंचाईत झाली असती. आप्पांची झाली नाही. मास्तरकी केलेल्या माणसाला दोष शोधून काढायची सवय असते. सुरतेतल्या सुरतेत आवाज स्वच्छ येतो, चोपड्याहून येत नाही. याचा अर्थ सरळ होता. सुरतेची लाईन ठीक, खानदेशाकडची लाईन खराब. तापीच्या काठाने येता येता कुठेतरी तिला पाणी लागत असणार.

हा शोध घेऊन ते टेलिफोनच्या ऑफिसात गेले. खिडकीच्या काचेआड एक बाई बसल्या होत्या आणि त्या काहीतरी वाचत मान खाली घालून बोलत होत्या. आप्पा म्हणाले, "खानदेशाकडची लाईन तपासा." बाई काहीतरी बोलल्या. आप्पा म्हणाले, "हो." बाईंनी पुन्हा काहीतरी विचारलं. आप्पा पुन्हा "हो" म्हणाले. तिसऱ्या "हो"नंतर मागच्या रांगेतल्या एकाने त्यांचा खांदा धरला आणि ओरडून सांगितलं, "काका, ती विचारते आहे, फोन कायमचा बंद करायचा आहे का!"

आप्पा घरी आले ते तापलेलेच. "हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात," त्यांनी शोभाबाईंना सांगितलं. "आपल्या वेळी कशी मोकळी बोलायची! कारखान्यात एवढा खडखडाट असायचा, पण पलीकडच्या टोकाचा माणूस काय म्हणतो ते मला कळायचं." हे मात्र खरं होतं. हल्ली ते ओट्यावरच्या बैठकीतही फारसे बसत नव्हते, त्याचंही कारण हेच. गल्लीतल्या लोकांनी अचानक पुटपुटायला सुरुवात केली होती आणि पुटपुटून झाल्यावर सगळे एकदम हसायचे. माणसाने किती वेळ उगाच हसायचं?

आता गल्लीने हा प्रश्न हातात घेतला. शेजारचा भगवान पलसाण्याला कापड रंगवायच्या कारखान्यात वायरमन होता. म्हणजे तार या विषयावर बोलायचा त्याला अधिकार होता. तो म्हणाला, "आप्पा, भिंतीत ओल आहे. फोन जागेवरून हलवा." फोन बैठकीच्या खोलीतून जिन्याखाली गेला. तिथे आवाज घुमतो म्हणून वरच्या खोलीत गेला. तिथे पंख्याची वीज आडवी येते म्हणून गॅलरीत गेला. प्रत्येक वेळी भगवान नवी वायर जोडायचा, आणि घरभर तारा अशा झाल्या की शोभाबाई पदर सावरून, पाय उचलून चालू लागल्या. पलीकडच्या ताराबाई म्हणाल्या की फोन पूर्वेला तोंड करून ठेवावा, शेवटी चोपडा त्याच बाजूला आहे. थोरला मुलगा योगराज इच्छापोरच्या कंपनीतून दमून आला की म्हणायचा, "जवा दो ने, आप्पा. फोन बराबर छे." बापाशी पोरगा गुजरातीत बोलला की आप्पांना आणखीच कमी ऐकू यायचं.

आणि मग गॅलरीतल्या फोनवर तो रविवार आला.

जयश्रीला दिवस गेले होते, ही बातमी घरात होती. हे पहिलंच, म्हणजे बाळंतपण माहेरी होणार हे सगळ्यांनी धरलेलं. फक्त कोणी बोललं नव्हतं. त्या दिवशी तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. फोन ती सासरच्या बियाण्याच्या दुकानातून करायची; तिथे सासरे दगाभाऊ बसलेले असणार, गिऱ्हाईकं असणार. खाली गल्लीतून भंगारवाला चाललेला. आप्पांनी आपला क्रम सुरू केला. तब्येत झाली, माय झाली, योगराज झाला. मग जयश्री थोडी थांबली आणि तिने काहीतरी विचारलं. शेवटचा सूर वर गेला. हा शेवटचा प्रश्न, आप्पांना पाठ होता. वेफर्स.

"नको नको!" ते गल्ली दणाणेल अशा आवाजात म्हणाले. "काही गरज नही. उगाच वझं कसाले?"

पलीकडे शांतता झाली. ती शांतता मात्र आप्पांना स्वच्छ ऐकू आली आणि लाईन सुधारली म्हणून त्यांना बरं वाटलं.

पुढच्या रविवारी फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आप्पा गॅलरीत खुर्ची टाकून बसत, मधूनच रिसिव्हर उचलून आतला सूर चालू आहे का बघत. "लाईन बंद पडली असेल," ते म्हणत. आतून त्यांना काळजी लागली होती. पण सासरच्यांना आपण होऊन विचारणं त्यांच्या मानाला परवडत नव्हतं, आणि विचारलं तरी उत्तर ऐकू येईल याची खात्री नव्हती. हे दुसरं कारण त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

शेवटी शोभाबाईंनी ती गोष्ट केली जी त्या करणार नाहीत असं सगळ्यांना वाटत होतं. आप्पा भाजी आणायला गेले असताना त्या ताराबाईंना घेऊन गॅलरीत आल्या. ताराबाईंनी नंबर फिरवला. शोभाबाईंनी आधी रिसिव्हर पदराने धरला, मग तो कानापासून जरा लांब ठेवून डोळे मिटून म्हणाल्या, "जयू?"

आप्पा पिशवी घेऊन परत आले तेव्हा शोभाबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. तोंडाला पदर लावून रडत होत्या. रडता रडता त्या काहीतरी विचारत होत्या. आप्पांच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

"काय व्हयनं?"

शोभाबाई पदराआडून पुन्हा बोलल्या.

आप्पा घाबरले. ते खाली वाकले आणि कळवळून म्हणाले, "तोंडवरना पदर काढ ना! माले ऐकू नही येस."

शोभाबाईंनी पदर काढला. रडणंही थांबलं. वाक्य तर निघून गेलं होतं आणि ते आप्पांच्याच तोंडून निघालं होतं.

शोभाबाईंना मग एकेक आठवायला लागलं. चुलीकडे तोंड करून आपण काही विचारलं की हे उत्तर देत नाहीत. दिवे गेले की गप्प होतात. मागून हाक मारली की थांबत नाहीत. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं, की आपलं बोलणं आता यांना नकोसं झालं आहे. बायकोच्या बोलण्याला कंटाळलेले नवरे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. त्यांनी ते मनाला लावून घेतलं होतं आणि बोलणंच कमी केलं होतं. आणि हा माणूस तर आपल्या ओठांकडे बघून आपलं ऐकत होता! मागांच्या खडखडाटात सगळ्यांना लागते तीच सवय. ओठ बघायचे आणि समजून घ्यायचं. त्या सवयीच्या आड कान कधी गेले, हे त्यांनाही कळलं नव्हतं.

त्यांनी आप्पांकडे नीट तोंड केलं आणि सावकाश विचारलं, "तुमी पोरले काय बोलनात? ती इचारत होती, बाळंतपनले येऊ का? आनि तुमी म्हननात, वझं कसाले?"

आप्पांनी भाजीची पिशवी खाली ठेवली. "मी वेफर्सचं म्हणालो होतो," ते म्हणाले, आणि ते वाक्य त्यांना स्वतःलाच केविलवाणं वाटलं.

फोन लावून खुलासा करावा, असं योगराज म्हणाला. आप्पांनी मान हलवली. एकदा त्या यंत्राने घात केला होता. आता जे काय सांगायचं ते समोर बसून, पण त्याआधी कानाचं बघायचं.

इथे गल्ली पुन्हा मदतीला आली. लसणाचं तेल कोमट करून घालावं, हे ताराबाईंचं. स्टेशनबाहेर लाल पगडीवाला कान साफ करणारा बसतो, तो एका बैठकीत मळ काढून देतो, हे भगवानचं. तेल घालून झालं. त्याने कान तसेच राहिले, उशीला मात्र आठवडाभर फोडणीसारखा वास येत होता. लाल पगडीवाल्याकडे जाण्याआधी शोभाबाईंनी त्यांना हाताला धरून कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

तिथे आप्पांना काचेच्या खोलीत बसवून डोक्यावर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. परीक्षाच ती. आणि परीक्षेत नापास व्हायचं आप्पांच्या स्वभावात नव्हतं. काही वेळ त्यांनी वाट पाहिली. मग, एवढ्या वेळात आवाज येऊन गेलाच असणार असा हिशेब करून, त्यांनी मागाच्या ठोक्यासारखं अंतर धरून बटण दाबायला सुरुवात केली. टक. टक. टक.

डॉक्टरीणबाई दार उघडून आत आल्या. "काका," त्या हसत म्हणाल्या, "हजी तो में अवाज मूक्योज नथी." अजून आवाज सोडलाच नव्हता.

नंतर त्यांनी समोर बसून, ओठ दिसतील असं बोलत समजावलं. वय झालं की कानाच्या आतले बारीक तंतू झिजतात, सगळ्यांचेच. त्यात मागांमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे जास्त. आधी बारीक, वरच्या सुरातले आवाज जातात. बायकांचे, मुलांचे. शब्दांच्या कडा जातात. पुरुषांचे जाड आवाज बराच काळ ऐकू येतात. गेलेलं परत येत नाही, पण यंत्राने मदत होते.

"म्हणजे लाईन..." आप्पा म्हणाले.

"लाईन बरोबर आहे, काका."

"फक्त बायकांचंच ऐकू येत नाही?"

"मंग हाई दुखनं जुनंच शे," शोभाबाई म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांनी असं काही म्हटलं होतं. आप्पांनी ते त्यांच्या ओठांवर वाचलं आणि डॉक्टरीणबाईंसमोर मोठ्याने हसले.

यंत्र आलं. काड्यापेटीहून थोडी मोठी डबी शर्टाच्या खिशात आणि तिथून कानापर्यंत वायर. घरातल्या सगळ्या तारा काढून झाल्यावर शेवटची एक तार आप्पांच्या अंगावर आली होती. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं आपण पुन्हा कारखान्यात गेलो. ताट ठेवलं की कानात घण पडायचा. वर्तमानपत्राचं पान उलटलं की कडाकड. खिशात रुमाल होता, तो श्वासाबरोबर घासून वादळ व्हायचं. ओट्यावर बसले तर भगवान जवळ सरकून विचारू लागला, "आप्पा, स्कोअर काय झाला?" लसणाच्या तेलाने कान मोकळे झाले असं तो धरून चालला होता, त्यामुळे त्याला तो ट्रान्झिस्टर वाटला होता. हे बहिरेपणाचं यंत्र आहे असं सांगणं आप्पांच्या जिवावर आलं. "तीन आऊट," ते गंभीरपणे म्हणाले. त्या दिवशी सामनाच नव्हता, हे कळल्यावर गल्लीत दोन दिवस आप्पांच्या नावाने हशा झाला, आणि तो त्यांना आता पूर्ण ऐकू येत होता.

त्यांनी यंत्र काढून कपाटात ठेवलं. तीन आऊटचा अपमान त्यांना सोसला नाही. संध्याकाळी चहा देऊन झाल्यावर शोभाबाई नळाखाली भांडी विसळत, पाठमोऱ्याच बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या. आप्पांना त्यांची पाठ दिसत होती आणि हलणारे हात. ही बाई आपल्याशी बोलते आहे, आणि आपल्याला त्यातलं काही मिळत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच एवढं स्पष्ट दिसलं. ते उठले, कपाटातून डबी काढली, वायर कानात बसवली. "पुन्हा सांग," ते म्हणाले. शोभाबाई लिंबाच्या भावाबद्दल बोलत होत्या. आप्पांनी ते सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दोघं पॅसेंजरने निघाले. अमळनेरला उतरून चोपड्याची एसटी धरली. गाडीत यंत्र असं काही गरजलं की आप्पांनी डबीचं बटण बंद करून वाटभर शेतं बघितली.

व्याही दगाभाऊ बी-बियाण्याच्या दुकानात बसले होते. गिऱ्हाईकं होती. त्यांनी उठून नमस्कार केला, पण मान जरा ताठ. "या. सुरतेच्या लोकांना वेळ मिळाला म्हणायचा."

वाटेत आप्पांनी बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. लाईनपासून सुरुवात करायची, हवामानावर यायचं, मग मुद्दा. ते सगळं तिथल्या तिथे विसरलं. त्यांनी खिशातली डबी बाहेर काढून काउंटरवर, बियाण्याच्या पाकिटांशेजारी ठेवली. वायर कानातच होती, त्यामुळे त्यांना थोडं वाकून उभं राहावं लागलं.

"भाऊ, मला ऐकू येत नाही," ते गिऱ्हाईकांसमोर म्हणाले. "बरीच वर्षं झाली. पोरगी काय विचारते ते न ऐकताच मी उत्तर दिलं. तिला नेऊ द्या."

दगाभाऊंनी त्या डबीकडे पाहिलं, वाकलेल्या व्याह्याकडे पाहिलं. त्यांची मान सैल झाली. "आत बसा आधी," ते म्हणाले. "चहा घ्या."

आतल्या खोलीत शोभाबाई पुढे झाल्या. आप्पा डबी पुन्हा खिशात घालून, तिचं बटण चालू करून खाटेवर बसले. जयश्री स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. बाहेर येत नव्हती. तिचा राग रास्त होता, आणि आप्पांना नुसता पडदा आणि त्याखाली पावलं दिसत होती. ओठ दिसत नव्हते.

"मग आता येऊ का मी?" पडद्यामागून आवाज आला. हळू, रुसलेला.

डब्यातून आल्यासारखा, पत्र्याचा आवाज. पण शब्द सगळे होते. 'येऊ'सुद्धा होतं, 'का'सुद्धा.

"काय म्हनी?" आप्पा म्हणाले. "ऐकू नही उनं."

"येऊ का म्हटलं!" आता आवाज मोठा.

"अजून एकदा म्हन."

पडदा सरकला. जयश्री पोट सावरत, डोळे पुसत बाहेर आली आणि दुकानातली गिऱ्हाईकं वळून बघतील इतक्या जोरात ओरडली, "आप्पा, मी बाळंतपनले येऊ का!"

मग तिने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला शंका आली. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पयल्यांदाच ऐकू उनं व्हतं ना तुमले?"

"हो," आप्पा म्हणाले. "चाल, तुन्ही पिशवी दे."